वीज वाचवणारी तांब्याची थाळी

लॉबीतल्या फलकावरचा विजेचा आकडा आणखी खाली आलेला दिसला आणि जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या तरी कसल्या, हातावर हात ठेवल्यासारख्या. त्या इमारतीत हल्ली सगळंच संथ चाललं होतं. फलकाखाली ऊर्जागुरू उभे होते. पांढराशुभ्र सूट, बोटात तांब्याची जाड अंगठी आणि चेहऱ्यावर असं हसू, की शहराला वीज जणू यांच्याच घरून जाते.

"विजेला दम देऊन ती कमी होत नाही," गुरू म्हणाले. "तिला गोंजारावं लागतं. प्रत्येक मजल्याला एक नाभी असते. ती मोकळी झाली की मीटर आपोआप शांत होतो."

मजल्याची नाभी! पण कुणी हसलं नाही. हसणार कोण? शहराने नियमच तसा काढला होता: मोठ्या इमारतींनी दर चौरस मीटरमागे ठरवून दिलेल्या मर्यादेतच वीज वापरायची, नाहीतर जबर दंड. ही इमारत कायम मर्यादेच्या वर. काचा जुन्या, थंड हवेची यंत्रं म्हातारी, आणि मालक असा की दुरुस्तीचं नाव काढलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मग गुरूंनी सगळ्यात वरच्या यंत्रखोलीत तांब्याची भलीमोठी थाळी बसवली आणि आकडा उतरू लागला.

गुरूंना आणलं होतं इमारतीच्या व्यवस्थापकाने. तळमजल्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण ही त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती घराबाहेर पडेना, तेव्हा यानेच मालकाच्या हातापाया पडून तिला हा दवाखाना मिळवून दिला होता. इमारत मर्यादेत बसली नाही तर मालक पहिला नारळ त्याच्याच हातात देणार, हे तिला ठाऊक होतं.

दवाखान्यात येणाऱ्यांचं रडगाणं एकच. डोकं जड, जांभयांवर जांभया, कशात लक्ष नाही. तेही कुणी धड सांगत नव्हतं, कारण हीच ती शांती असं गुरूंनी आधीच सांगून ठेवलेलं. हिशेबवाले भांडायचे थांबले, ही यंत्राची कृपा. साहेब बैठकीत पेंगले, ही समाधी. डॉक्टरीण गोळ्या लिहून देई आणि पुढच्याला बोलवी. तिलाही काही वाटत नव्हतं. टेबलावर नवऱ्याचा फोटो होता, त्याच्याकडे ती कोरड्या डोळ्यांनी बघायची. शेजारची औषधवाली एकदा म्हणाली, यंत्राने तुमचं दुःखसुद्धा ओढून घेतलं बघा. असेलही, असं डॉक्टरणीच्या मनात आलं. खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटलं.

मग एका दुपारी सातव्या मजल्यावरची टायपिस्ट भोवळ येऊन पडली. पोरगी पोटुशी. दोघातिघांनी तिला उचलून बाहेर पार्किंगमध्ये नेलं. डॉक्टरीण नाडी बघत होती तोवर पोरगी उठून बसली आणि पाणी मागू लागली. औषध नाही, पाणी नाही, नुसती बाहेरची हवा. सगळे आत गेले तरी डॉक्टरीण तिथेच कठड्यावर बसून राहिली. हळूहळू डोकं हलकं झालं आणि तिच्या लक्षात आलं, मघाशी ती पोर फरशीवर पडलेली दिसली तेव्हा आपल्याला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. आता मात्र ती घाबरली.

घाबरली तशी विचार करू लागली. रविवारी घरी ती उशी भिजेपर्यंत रडायची. सोमवारी इथे आली की कोरडी ठाक. दुःखाला काय सुट्टीचा वार कळतो?

ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांकडून तिने हवा तपासायचं हातात मावेल एवढं उपकरण मागून आणलं. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय ते त्यावर कळतं. बाहेर रस्त्यावर ते चारशे दाखवत होतं. सातव्या मजल्यावर तीन हजारांच्या पुढे गेलं. म्हणजे बाहेरची हवा आत येतच नव्हती. माणसं एकमेकांचा उष्टा श्वास पुन्हा पुन्हा घेत बसली होती.

ती भावाच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"ताई, उद्या पालिकेच्या तपासनीस बाई येतायत," तो म्हणाला. "एवढा एक दिवस गप्प बस. माझी नोकरी आहे गं."

"बसलेही असते. इथे मला रडू येत नाही, आणि मला तेच हवं होतं. पण त्या पोरीच्या पोटात जे आहे, त्याला कुणी विचारलंय का?"

भावाने समोरची फाइल पुढे ओढली. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी यंत्रखोलीत तपासनीस बाई, गुरू, व्यवस्थापक आणि अर्धी इमारत. थाळी भिंतीवर, आणि ऊर्जा गळू नये म्हणून तिच्या कडेला चारी बाजूंनी चिकटपट्टी. गुरूंच्या हुकमाने कुणी जवळ जायचं नाही. मेकॅनिकने सुरुवातीला काहीतरी पुटपुटून पाहिलं होतं, पण आकडा उतरतोय म्हटल्यावर त्याचं ऐकतो कोण.

"शक्ती थाळीतच आहे ना?" त्या चिकटपट्टीकडे बघत डॉक्टरणीने विचारलं. "मग ती समोरच्या भिंतीवर टांगा. आकडा तसाच राहिला तर तुमच्या पाया पडणारी मी पहिली."

गुरू कनवाळूपणे हसले. जागा बदलली की कंपनं रुसतात, म्हणाले, आणि संशयी माणसासमोर तर यंत्र लाजतंच.

भावाने बहिणीकडे पाहिलं. मग तो मेकॅनिकला म्हणाला, "काढ ती."

थाळी उतरली. मागे पट्ट्यांची झडप असलेलं मोठं चौकोनी तोंड होतं. बाहेरची हवा घोंघावत आत शिरली आणि गुरूंच्या खिशातला रेशमी रुमाल उडून जाळीला चिकटला. गरम हवा थंड करायला यंत्रं कामाला लागली. थोड्याच वेळात यंत्रखोलीतल्या मीटरवरचा आकडा मर्यादा ओलांडून गेला.

"थाळीने वीज वाचवली हे अगदी खरं," डॉक्टरीण म्हणाली. "झाकण म्हणून. बाहेरची गरम हवा गार करायला भरपूर वीज लागते. हवेचं तोंड बुजवलं, वीज वाचली. पुठ्ठ्यानेही हेच झालं असतं."

गुरू कंपनांबद्दल काहीबाही बोलत लिफ्टमध्ये शिरले. त्यांच्यासाठी दार धरून ठेवणारेही दोघं निघालेच.

कोणता आकडा लिहायचा, असं तपासनीस बाईंनी विचारलं. आत्ताचा लिहा, व्यवस्थापक म्हणाला. तेवढ्यात मालकाचा फोन आला; कुणीतरी खबर दिलीच होती. "हो साहेब, मीच काढायला लावली," एवढंच तो बोलला, आणि मग पलीकडचा आरडाओरडा ऐकत राहिला. त्याचा उतरलेला चेहरा बघून डॉक्टरणीने डोळे पुसले.

गर्दीतल्या हिशेबवाल्याने हळूच विचारलं, "मग डॉक्टरीणबाई, ती शांती?"

"शांती नव्हती ती. तुम्ही गुदमरत होता," ती म्हणाली. "वीज वाचवायलाच हवी. काचा बदला, यंत्रं दुरुस्त करा, रिकाम्या मजल्यांवरचे दिवे घालवा. पण कुणी आकडा कमी करून दाखवला तर आधी विचारा, तुम्ही नेमकं काय बंद केलंत? आणि नुसत्या उत्तरावर जाऊ नका. स्वतः वर जाऊन बघा."