क्रांतीचं उत्तर

डॉ. मधुवंती मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. दरवर्षी त्या जुन्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवत. झोप लागते का, काम कसं चाललंय, मन थाऱ्यावर आहे का? दहा वर्षांपूर्वी डॉक्टर झालेल्या क्रांतीचं उत्तर मात्र एकदाही आलं नव्हतं. सर्जरीचं शिक्षण अर्धवट टाकून ती गेली, एवढंच माहीत होतं. मधुवंतींना काळजी वाटायची. शेवटी पत्ता मिळवून त्या आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरल्या आणि रिक्षाने तिच्या गावच्या आरोग्य केंद्रात पोचल्या.

प्रसूतीच्या खोलीतून क्रांतीने डोकं बाहेर काढलं. "मॅडम! तुम्ही? हात धुऊन या लवकर. जुळं आहे, अँब्युलन्सची वाट बघायला वेळ नाही."

मधुवंतींनी पंधरा वर्षांत नवजात बाळ हातात घेतलं नव्हतं. पहिला मुलगा येताच रडला. त्याला नर्सने घेतलं. दुसरी मुलगी आली, ती गप्पच. मधुवंतींनी तिला पुसलं, पाठ चोळली, नाकातोंडावर मास्क धरून पिशवीने हवा दिली. एकदा, दोनदा, दहादा. मग बाळाने असा टाहो फोडला की मधुवंतींना हसू आणि रडू एकदमच आलं.

बाहेरून बाळंतिणीची सासू मनुबाई ओरडली, "दोन्ही हायत ना गं बाय?"

"व्हय, दोन्ही हायत!" क्रांती आतून म्हणाली.

नंतर चहा पिताना मधुवंतींनी विचारलं, "उत्तर का नाही दिलंस?"

"'शिक्षण का सोडलंत?' याखाली तुम्ही तीनच पर्याय दिलेत. आजार, घरची अडचण, अपयश. सर्जरीला असताना मी झोपेविना वेडी होत चालले होते, मॅडम. वर्षभर उपचार घेतले. पण डॉक्टरकी सोडली नाही, मी इथे आले. इथे डॉक्टर नव्हता. चार दिवस बसते म्हटलं, त्याला आता सात वर्षं झाली."

"आणि झोप?"

"लागते. बाळंतपण नसेल तर."

दोघी मोठ्याने हसल्या. मधुवंतींनी प्रश्नावली काढली, ते तिन्ही पर्याय खोडले आणि खाली कोरी जागा सोडली. क्रांतीने ती भरली. जागा पुरेना, म्हणून पान उलटून मागेही लिहीत गेली.

पुढच्या वर्षी सगळ्यांना तशीच कोरी जागा असलेली प्रश्नावली गेली, आणि आजवर गप्प असलेल्या अकरा जणांची उत्तरं आली. मधुवंतींनी ती सगळी एका बैठकीत वाचली, आणि त्यातल्या दोघांना लगेच फोन लावला.