आगराच्या पाण्याचा रंग

मित्रांनो, मी गालिचा नाही. गालिच्याचा नमुना म्हणून कापलेला, वीतभर लांब आणि वीतभर रुंद असा एक जुना तुकडा आहे. माझ्यावर कधी कुणी बसले नाही, माझ्यावर पाय ठेवून कुणी उंबरठा ओलांडला नाही. तरीही मी स्वतःला अपुरा मानत नाही, कारण एका घरात एका बाईने आपले पहिले उत्तर दिले ते माझ्यामुळे.

माझा रंग तांबडा आहे असे म्हणणे म्हणजे समुद्राला नुसते ओले म्हणण्यासारखे आहे. गेरूहून ओला, डाळिंबाहून गंभीर आणि उजेड तिरपा पडला की कडेने गुलाबाकडे झुकणारा असा तो आहे. उत्तरेकडच्या एका विणकरांच्या गावी माझी लोकर कढईत तीनदा बुडवली गेली. पहिल्या दोन वेळा रंगाऱ्याने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या वेळी त्याने ओली लड उन्हात धरली, एक डोळा मिटून पाहिले आणि काहीही न बोलता ती दोरीवर टाकली. मला मिळालेली ती पहिली दाद. ती निःशब्द होती, म्हणून तिच्यावर माझा आजही विश्वास आहे.

तेथून मी ठाण्यातल्या नौपाड्यात, सुदेशभाऊंच्या गालिच्यांच्या दुकानात आलो. आम्ही चोवीस नमुने एका पितळी कडीत ओवलेले होतो. मी सतरावा. माझ्या एका बाजूला बदामी, दुसऱ्या बाजूला राखाडी. ते दोघे फार बोलत नसत आणि फार खपत असत. मी मात्र नऊ वर्षे त्या कडीत होतो. गिऱ्हाइकांचा हात चाळता चाळता माझ्यापाशी थांबायचा. कुणी मला मरून म्हणायचे, कुणी कुंकवाचा, कुणी नुसताच भडक. बोटे लोकरीतून दोनदा, तीनदा फिरायची आणि मग पान उलटावे तसा मी उलटला जायचो. डोंबिवलीच्या प्राची नावाच्या एका गिऱ्हाइकाने तर मला दोन दिवस घरी नेले होते. संध्याकाळी दिवा लावून ती माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत बसली होती. तिसऱ्या दिवशी तिने राखाडी मागवला. "मळखाऊ आहे ना," ती सुदेशभाऊंना म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता तिने कडी परत केली. माझा एक कोपरा झिजला आहे, तो पायांनी नव्हे. अशा कौतुकाच्या बोटांनी.

यात मी खचलो का? नाही. जो रंग तीनदा बुडून वर आला आहे, त्याला थोडे थांबता येते.

एके दिवशी दुकानात तिघे आले. पुढे नयन, मागे त्याची बायको जागृती आणि सर्वांत मागे नयनची आई शालू. बाळकुमच्या त्यांच्या जागेवर उंच इमारत उभी राहिली होती आणि नयनचे वडील आणि त्यांचे दोन भाऊ अशा तिघांच्या वाट्याला तिच्यातली घरे आली होती. शालूचा नवरा अकरा वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या वाट्याचे चौदाव्या मजल्यावरचे घर आता तिच्या नावावर होते. जागृतीने मोबाइलवर एकामागून एक फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत हॉल वेगळा होता आणि जमिनीचा रंग एकच, दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

"हाच ट्रेंड आहे, आई. हॉल मोठा दिसतो," जागृती म्हणाली.

शालूने मान डोलावली. हात मात्र कडीवर होता. बदामी गेला, मी आलो आणि तो हात थांबला. मला वाटले, आता बोटे फिरतील, मग पान उलटेल. पण बोटे फिरली नाहीत. तिने आपला तळवा माझ्यावर सपाट ठेवला, जसा ताप पाहण्यासाठी कपाळावर ठेवतात.

सुदेशभाऊ जुने दुकानदार. ते म्हणाले, "ताई, इथे ट्यूबलाइटखाली ठरवू नका. कडी घेऊन जा. दोन दिवस आपल्या घरच्या उजेडात बघा. रंग घरी गेल्यावरच खरं बोलतो."

अशा रीतीने मी चौदाव्या मजल्यावर पोहोचलो. एका खुर्चीखेरीज हॉल रिकामा होता. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता आणि खिडकीतून दूरवर खाडीची चंदेरी पट्टी दिसत होती. शालूने मला कडीतून सोडवले आणि खिडकीखालच्या फरशीवर ठेवले. मग ती माझ्यासमोर बसली; नयन आणि जागृती मागे उभे राहिले. तेवढ्यात दार वाजले.

आले ते आनंदा, तिचे थोरले दीर, खालच्या बाराव्या मजल्यावर राहणारे. मित्रांनो, या माणसाविषयी गैरसमज करून घेऊ नका. भाऊ गेल्यावर त्यांनीच नयनला शिकवले, त्यांनीच हे घर शालूच्या नावावर करून दिले. पण या कुटुंबाची एक जुनी रीत होती. दर गणपतीला आनंदा रंगाचा एकच मोठा डबा आणत आणि बाळकुमच्या तिन्ही घरांच्या भिंती एकाच फिक्या पिस्ता रंगाच्या होत. तिन्ही जावांसाठी एकाच गठ्ठ्यातली एकसारखी लुगडी येत. भांडण नको म्हणून सुरू झालेली ती रीत होती आणि भांडण खरोखर कधी झाले नाही. तसेच कुणी कुणाला काही विचारलेही नाही.

"मी सांगून आयलो दुकानान," आनंदा खुर्ची ओढत म्हणाले. "तिन्ही घरांना बदामी. एकच लॉट, एकच रंग. झंझट नाय." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ह्यो काय?"

"ह्यो मना आवडला," शालू म्हणाली.

आनंदा हसले. "अगो, हॉल हाय का हलदीचा मांडव? पावना दारान आला तं चप्पल घेऊन पलंल!"

नयनही हसला. जागृती हळूच म्हणाली, "आई, खरंच, फोटोत हॉल छोटा दिसेल."

शालूने मला उचलले, खिडकीपाशी नेले आणि उजेडात धरले. रंगाऱ्याने धरले होते, तसेच.

"भावजी, बगा तरी. आगरान पानी आटत आला का चैतान असाच रंग चढायचा. माजा बाबा बोलायचा, पानी लाजलं, आता आठ दिसान मीठ."

मित्रांनो, आगर म्हणजे मिठागर. शालूचे माहेर कोलशेतचे; तिचे वडील खाडीकाठच्या मिठागरात राबत. खाडीचे पाणी वाफ्यांत घेतात, ते उन्हात आटत जाते, घट्ट होते आणि मीठ धरण्याआधी त्याला हा तांबूस रंग चढतो. नऊ वर्षे माणसांनी मला नावे ठेवली होती. माझे नाव मला त्या दिवशी कळले.

आनंदांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. त्यांनी मला हातात घेतले. "मना सांगतंस व्हय? माजेपन पाय त्याच पान्यान फाटलेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. पण लगेच त्यांनी मला फरशीवर ठेवले. "पन आगर येगला, हॉल येगला. लोक हसतील. बदामीच घेऊ."

"काका बरोबर बोलतायत, आई," नयन म्हणाला. "जाऊ दे ना, एवढंसं तर कार्पेट आहे."

"एवढंसं नाय," शालू म्हणाली.

ती ताठ उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण माझ्या लोकरीला तो ऐकू आला.

"भावजी, छत्तीस वर्सां झाली. तुमी आनलेला रंग मी भितीना लावला. तुमी आनलेली लुगडी मी नेसली. वाईट नव्हती, चांगली होती. पन कोनता पायजे, ह्या मना कोनी कवा इचारला नाय. आज माजा मीच इचारते नि माजा मीच जबाब देते. मना ह्योच पायजे."

खाली कुठेतरी लिफ्टचे दार उघडले आणि मिटले. आनंदांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"तुज्या घरान तुजा रंग," शेवटी ते म्हणाले. "पन आमचे घरान बदामीच. आमची बाय अशी भांडत नाय." आणि जाता जाता दारातून वळून म्हणाले, "कवरा मोठा घेतंस? मोठाच घे. लाजलाय तं चांगला लाजू दे."

पंधरा दिवसांनी सहा फूट बाय नऊ फुटांचा गालिचा आला. तो उलगडला गेला तेव्हा मी प्रथमच माझे विशाल रूप पाहिले. वीतभर शब्दाची जणू पूर्ण कविता झाली होती. त्या रंगाचा तो शेवटचा माल होता, म्हणून सुदेशभाऊंनी मलाही शालूला देऊन टाकले. जागृतीने मला शोकेसच्या फळीवर ठेवले. येथवर सारे जिंकलेल्याचेच वर्तमान आहे. पण जिंकलेली माणसे चुका करतात. शालूनेही केली.

दुसऱ्याच दिवशी तिने कपाटातून एक जुनी चादर काढली आणि गालिच्यावर अंथरली. चारी कडा नीट आत दुमडल्या. ऊन लागेल, चहा सांडेल, पाय लागतील. जी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा आपली म्हणून आणली, ती वापरायची कशी, हे तिला ठाऊक नव्हते. जपायची कशी, एवढेच ठाऊक होते. कोलशेतहून पाहुण्या आल्या की ती चादरीचा एक कोपरा उचलून दाखवायची. बायका "बाय गो, काय रंग!" म्हणायच्या आणि कोपरा पुन्हा मिटायचा. मी फळीवरून पाहत होतो. कडीतली नऊ वर्षे मला आठवत होती.

आठ महिने असे गेले. मग एका दुपारी जागृती चहाचे कप घेऊन आली. शालू त्या चादरीच्या कडेला, उघड्या फरशीवर अंग चोरून बसली होती. जागृतीने ते पाहिले आणि ती हसत सुटली.

"आई, एक सांगू? रागावू नका. दुकानात मी जो रंग दाखवला होता ना, शेवटी तोच आला बघा आपल्या हॉलमध्ये!"

शालूने चादरीकडे पाहिले. चादर बिस्किटाच्या रंगाची होती.

"काकांशी एवढ्या भांडलात," जागृती म्हणाली, "आणि बसता कुठे? फरशीवर! मला तर तेव्हा हा रंग आवडलाही नव्हता. पण तुम्ही बोललात तेव्हा मला वाटलं, माझ्यावर अशी वेळ आली तर मला जमेल का असं बोलायला? आणि तुम्ही तोच झाकून ठेवलात."

"रंग उडंल गो," शालू पुटपुटली. "असा परत भेटनार नाय."

जागृतीने कप खाली ठेवले, फळीवरून मला उचलले आणि शालूच्या ओंजळीत दिले. "हा आहे ना. हा कपाटात राहील. याला ऊन नाही, पाय नाहीत. दर दिवाळीला काढू, गालिच्यावर ठेवू आणि फरक किती पडला ते बघू."

"आनि पडला तं?"

"पडला तर कळेल की आपण बसलो."

शालूने पुष्कळ वेळ मला हातात धरून ठेवले. मग चादरीचे एक टोक तिने धरले, दुसरे जागृतीने.

त्या दिवसापासून माझे काम बदलले. मी साक्षीदार झालो. शालूच्या ठेवणीतल्या लुगड्यांमध्ये, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, मी न बदलता पडून राहायचे, म्हणजे बाहेर गालिच्याला निर्धास्तपणे बदलता येईल. अंधाराचे काम होते, पण मी ते मानाने केले. दर दिवाळीला, साफसफाई आटोपली की मला काढले जाई. पहिल्या वर्षी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी खिडकीकडची कड किंचित निवळली होती. तिसऱ्या वर्षी मधोमध चहाचा एक डाग होता आणि शालूची नात रांगायला लागल्याच्या खुणा होत्या. चौथ्या वर्षी मी आनंदांना तिथे बसलेले पाहिले; मागे सोफा असताना ते खाली गालिच्यावर, सोफ्याला पाठ टेकून बसले होते. बाराव्या मजल्यावरचा त्यांचा बदामी गालिचा अजून चादरीखाली आहे, असे मी ऐकतो.

आणि ही दिवाळी. शालूने मला गालिच्याच्या मधोमध ठेवले आणि मी दचकलो. मी त्याच्यात मिसळलो नाही. एखाद्या ओल्या ठिपक्यासारखा मी त्याच्यावर उठून दिसत होतो. तो फिका झाला होता. खिडकीपाशी गुलाबी, शालूच्या बसण्याच्या जागी जवळजवळ पांढुरका. कबूल करतो, क्षणभर मला जिंकल्यासारखे वाटले. मूळ रंग आता माझ्यापाशीच होता.

शालू वाकली. तिने एक हात माझ्यावर ठेवला आणि दुसरा त्याच्या पांढुरक्या जागेवर.

"बग," ती म्हणाली, "ह्यो तं मीठ झाला. आनि तू बिचारा अजून पानीच."

मग तिने मला कपाटात परत ठेवले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटाच्या वरच्या फळीवर पाहुण्यांसाठी राखलेले कप असतील, घडी न मोडलेली चादर असेल, कागद न काढलेली एखादी पेटी असेल. त्यांची धूळ जरूर पुसा, डाग लागला तर वेळीच धुवा, फाटले तर टाके घाला. पण त्यांना उजेडात येऊ द्या. मी चार वर्षे अंधारात राहिलो ते दुसऱ्या कुणाला उन्हात राहता यावे म्हणून. विनाकारण कुणालाही तसे ठेवू नका.

सध्या मी खिडकीच्या कट्ट्यावर असतो. सकाळी खाडीकडून ऊन येते आणि दहा वाजेपर्यंत माझ्यावर थांबते. शालू खाली गालिच्यावर वाल सोलत बसते. काल जागृतीने मला उचलून पाहिले आणि ती म्हणाली, "आई, याचा रंग उडायला लागला हो."

शालूने मानही वर केली नाही.

"उडत नाय गो," ती म्हणाली, "पिकतोय."