मोरिता-सानचा प्रचार

२००७च्या एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डाची निवडणूक आली आणि माझ्या बायकोची नोकरी मतपेटीत जाऊन अडकली. मत मात्र आम्हा दोघांपैकी कोणालाच नव्हतं.

तोक्योतला वॉर्ड म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेलं शहरच. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वॉर्डाचं पाळणाघर होतं. आमची चार वर्षांची अश्लेषा तिथे रमली, म्हणून तर मिताली इतकी वर्षं घरात बसून कंटाळल्यावर एका छोट्या जपानी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागली. दुसऱ्या पाळणाघरात नंबर लागेपर्यंत अश्लेषाचं लग्न झालं असतं. सभागृहात दोन्ही बाजू जेमतेम सारख्या. एका पक्षाने जाहीरच केलं होतं, आम्ही आलो की हे पाळणाघर बंद. आजवर ते टिकवलं होतं मोरिता-सान नावाच्या साठीच्या नगरसेविकेने, आणि या वेळी त्यांचीच जागा डळमळीत होती.

"मत नाही, पण तोंड तर आहे ना?" मिताली म्हणाली.

तिचे वडील फलटणला नगरपालिकेला चारदा उभे राहिले, एकदा निवडून आले. प्रचार हा तिच्या माहेरचा धंदाच म्हणा. मोरिता-सान पांढरे हातमोजे घालून गाडीतून हात हलवत जायच्या, कर्ण्यावर स्वतःचंच नाव सांगत. ते बघून मितालीचं डोकं फिरायचं.

"अरे केदार, असं कोणी मत देतं का? दारात जावं लागतं!"

शनिवारी तिने रव्याचे लाडू वळले, लहान डब्यांत भरले आणि पाठ केलेल्या जपानीत सगळ्या मजल्यांवर मोरिता-सानसाठी मत मागून आली. लोकांनी डबे दोन्ही हातांनी घेतले, वाकून आभार मानले. स्वारी घरी आली ती आमदार झाल्यासारखी.

"अख्खी बिल्डिंग आपली," ती म्हणाली.

सोमवारी मला ऑफिसात मोरिता-सानच्या कार्यकर्त्याचा फोन आला. तो इतक्या नम्रपणे बोलत होता की मला घाम फुटला. घरोघरी जाऊन मत मागणं जपानमध्ये कायद्याने बंद आहे, खायला देणं तर त्याहून वाईट. कोणीतरी तक्रार केली होती. मोरिता-सान स्वतः पोलिसांकडे जाऊन खुलासा करून, माफी मागून आल्या होत्या.

मितालीला सांगितलं, तर ती उठून बूट घालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"माफी मागायला. सगळ्यांकडे जाऊन येते."

"अगं, तेही घरोघरीच झालं ना! कोणी बघितलं तर पुन्हा मोरिता-सानवरच येईल."

एक पाय बुटात, एक बाहेर, अशी ती दारातच खाली बसली आणि रडली. तिच्या आयुष्यात जी एक विद्या तिला पुरती येत होती, तीच इथे गुन्हा ठरली होती. मला फार वाईट वाटलं. करता मात्र काहीच येईना.

पुढच्या दोन-तीन दिवसांत डबे परत आले. दाराच्या मुठीला अडकवलेले, लख्ख धुतलेले, प्रत्येकात तांदळाच्या बिस्किटांचा पुडा. तक्रार यातल्याच कोणीतरी केली असणार. पुडे सगळे सारखेच नीटनेटके होते.

मोरिता-सान थोडक्यात पडल्या आणि बहुमत पलीकडे गेलं. लाडवांमुळे पडल्या का, हे कोणी सांगू शकलं नाही. मितालीने विचारलंच तर मी 'छे' म्हणायचो आणि ती माझ्याकडे बघत राहायची. जूनअखेर पाळणाघर बंद झालं. मितालीने राजीनामा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिताली आणि अश्लेषा मला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. स्टेशनसमोर पलीकडच्या पक्षाचा नवा नगरसेवक उभा होता. ऑफिसला जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता, आम्हालाही केला. अश्लेषा थांबली. पाय जुळवले, हात मांड्यांवर ठेवले आणि कमरेतून अशी वाकली की तो गृहस्थ खूश झाला.

"वा! इतकं छान कुठे शिकलीस?" त्याने जपानीत विचारलं.

तिने वळून आमच्या इमारतीकडे बोट दाखवलं आणि पाळणाघराचं नाव सांगितलं.

त्याचं हसू तसंच राहिलं. तो पुन्हा वाकला, या वेळी जरा जास्त वेळ, आणि आमच्या मागून येणाऱ्या माणसाकडे वळला.

"चल, उशीर होतोय," मिताली अश्लेषाला म्हणाली, आणि दोघी घराकडे निघाल्या.