शेड नंबर एकशे चौदा

गांधीबागेत मॅचिंगची दुकानं ढिगानं असतील, पण रुखमाबाईंसारखी नजर एकाच दुकानात होती. शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं लागत नसत, आकडे तेवढे यायचे, आणि तेवढ्या आकड्यांवर त्यांनी सगळं दुकान पेललं होतं. बाईनं पिशवीतून साडी अर्धी बाहेर काढली की रुखमाबाई गादीवरूनच सांगायच्या, दोनशे सात, वरची फळी, डावीकडे. माणूस शिडी चढून थान उतरवायचा आणि ते साडीला असं लागायचं की जणू एकाच मागावरून उतरलं. नियम एकच. ट्यूबलाइटात रंग पाहील तो फसेल. दाराशी या, उजेडात.

हीच नजर घेऊन त्या मुली पाहायला जात.

भाचे, पुतणे, दिरांची नातवंडं, कोणासाठीही मुलगी पाहायची असली तर रुखमाबाईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवून नेत. पोहे झाले की त्या मुलीला म्हणत, ये वं बाई, जराशी दाराशी ये, तुले कुंकू लावते. उजेडात तिचं मनगट हातात घेत, वैद्यानं नाडी धरावी तसं. मग पिशवीतून ब्लाउजपीस काढून नारळासोबत तिच्या हाती ठेवत. पिशवीत पाच पीस असत: साय, बदामी, गव्हाळ, चहा आणि कॉफी. मनगटाला जो लागला तो त्या मुलीचा. साय-बदामी म्हणजे होकार. गव्हाळ म्हणजे बापाशी देण्याघेण्याचं बोलून पाहू. चहा नाहीतर कॉफी मिळाली की मुलीकडच्यांनी फोनची वाट पाहायची नाही. प्रत्येक पिसाच्या कोपऱ्यात जांभळ्या पेन्सिलीनं शेडचा नंबर लिहिलेला असे, रुखमाबाईंच्या हातचा. त्यांचा चार नेहमी पोट सुटल्यासारखा यायचा.

लोक पाठीमागे हसत, आणि पीस पाहूनच पुढचं ठरवत. तोंडावर नकार देण्यापेक्षा हे बरं, असं रुखमाबाईंचं म्हणणं. रिकाम्या हातानं तर कोणाला परत पाठवलं नाही ना.

त्यांचा स्वतःचा रंग सायीचा. बहात्तरी आली तरी त्या हात पदराबाहेर ठेवूनच बसत. यजमान नानाजी तव्याच्या बुडासारखे, पण पुरुषाच्या रंगाला विचारतो कोण? नानाजींना कोणी दाराशी नेलं नव्हतं.

देवानं मात्र खोडी काढली. मुलगा जितेंद्र बापावर गेला, म्हणून पारखून पारखून त्याला बदामी बायको आणली, कौशल्या. कौशल्येला पहिला दुर्गेश झाला तो सायीसारखा, आणि दुसरी उन्नती झाली ती सरळ आजोबांवर. दवाखान्यात रुखमाबाईंनी दुपटं बाजूला करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोराले पोरीचा रंग अन् पोरीले पोराचा. उलटं काहून केलं वं?" कौशल्येचे टाके ओले होते. ते वाक्य तिनं सव्वीस वर्षं जपलं. रुखमाबाईंना ते आठवतही नव्हतं.

उन्नतीच्या अंगाला मग काय लागायचं राहिलं? दुधावरची साय, मसूर, बेसन, संत्र्याच्या सालीची भुकटी. दहावीत असताना कुठली तरी बिननावाची क्रीम, जिनं गाल आठ दिवस सोलत राहिले. पोरीचा रंग हलला नाही, जीभ तेवढी धारदार झाली. बी.कॉम. होऊन ती आजीशेजारी गादीवर बसली आणि दोन वर्षांत तिचीही नजर तयार झाली. एखादी बाई स्किन कलरचं अस्तर मागायला आली की रुखमाबाई सायीचं थान ओढायच्या, आणि उन्नती आधी विचारायची, कोणाची स्किन ताई? बाई हसायची. रुखमाबाई काउंटरखालून नातीला चिमटा काढायच्या.

तिला तीन ठिकाणांहून नकार आला. तिन्ही वेळा पत्रिका जुळत नाही म्हणून, आणि त्यातल्या एकांनी तर पत्रिका मागितलीच नव्हती.

मग रामदासपेठेतल्या सौरवचं स्थळ आलं. पोरगा फिजिओथेरपिस्ट, वागायला साधा. महिनाभर फोनवर बोलून दोघांचं जमलं. आपल्याला पसंत आहे, आईनं एकदा पाहिलं की झालं, असं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. उन्नती दुकानात गुणगुणायला लागली. कौशल्येला तिनं एवढंच सांगितलं की हे मोडलं तर मी पुन्हा कोणापुढे ट्रे घेऊन येणार नाही. ती बोलेल तसं करणारी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून रुखमाबाईंनी जन्मात मोडला नव्हता तो नियम मोडला. बैठकीचे पडदे भर दुपारी ओढून घेतले, ट्यूब काढून पिवळा बल्ब लावायला लावला. फिका रंग काळ्या अंगावर ओरडतो, तर नातीला गाजरी साडी नेसवली. पावडर लावू दिली नाही; पावडर उघडं पाडते. सगळं झाल्यावर दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मनाशी म्हणाल्या, चहापर्यंत आणली. बैठकीबाहेर नाही नेली तर गव्हाळसुद्धा खपेल.

तीन वाजता मायलेक आले. सौरवची आई कामिनीबाई शाळेत मुख्याध्यापिका होती. खळ दिलेली सुती साडी, हातात एकच बांगडी. सवयीप्रमाणे रुखमाबाईंची नजर आधी मनगटावर गेली आणि आतल्या आत आकडा पडला: एकशे चौदा. कॉफी. त्यांना एकदम हलकं वाटलं. जी स्वतः एवढी काळी, ती सुनेचा रंग काय काढणार? चेहऱ्याकडे त्यांनी धड पाहिलंच नाही.

पोहे झाले, चहा झाला. कामिनीबाईंनी दुकानाचं विचारलं, थानं कुठून येतात ते विचारलं, नानाजींच्या गुडघ्याचीही चौकशी केली. उन्नतीला दोन प्रश्न विचारले आणि तिच्या दुसऱ्या उत्तराला मनापासून हसल्या. जितेंद्र बापाकडे पाहून भुवई उडवायला लागला, म्हणजे जमलं. कौशल्येनं साखरेची वाटी आणून ठेवली.

मग कामिनीबाई उठल्या. म्हणाल्या, "ये बेटा, दाराशी ये. उजेडात."

रुखमाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. हे वाक्य त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. इथंच लावा ना कुंकू, बाहेर ऊन आहे, असं त्या म्हणाल्या, पण कामिनीबाईंनी दार उघडलं होतं. एप्रिलचं पांढरंफेक ऊन आत आलं आणि गाजरी साडीनं केलेली सगळी मेहनत एका क्षणात उतरली. कामिनीबाईंनी उन्नतीचं मनगट हातात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. कुंकू लावलं. पर्समधून नारळ काढला, आणि नारळाबरोबर एक घडी. जुनी, घडीच्या रेषेवर विरलेली, डांबरगोळीचा वास येणारी.

कॉफीचा पीस. कोपऱ्यात जांभळा आकडा, ११४. चाराचं पोट सुटलेलं.

कापड रुखमाबाईंनी दुरूनच ओळखलं. टू बाय टू रुबिया, ते थान पंचवीस वर्षांपूर्वीच बंद झालं. पण बाई कोण हे अजूनही उमजेना. त्या कामिनीबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि काही हाती लागलं नाही.

"नाही ओळखणार, मावशी," कामिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही माहं तोंड पाहिलंच कुठे होतं?"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं, मुलाकडे न पाहता. तीस वर्षांपूर्वी खापरखेड्याच्या कॉलनीत, क्वार्टरच्या दारात. वडील तिथल्या कोळशाच्या पॉवरहाऊसमध्ये. मुलगी जितेंद्रसाठी पाहिलेली. रुखमाबाईंनी हा पीस हातात ठेवला होता आणि शेजारणी ऐकत असताना म्हटलं होतं की पॉवरहाऊसची राख असती तर धुऊन निघाली असती, हे निघन्यातलं नाही. पीस कपाटात गेला, वाक्य कॉलनीभर फिरलं. नळावर, बसस्टॉपवर पोरं त्यांना राख म्हणायची. वडिलांनी दोन वर्षं त्यांना कोणाच्या लग्नाला नेलं नाही. सौरवनं मुलीच्या दुकानाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी कपाट उघडलं.

जितेंद्र जमिनीकडे बघत होता. मुलगी पाहायला तोही गेला होता. त्यालाही आठवत नव्हतं.

रुखमाबाईंनी मान वाकवली नव्हती कधी, ती तेव्हा थोडी वाकली. तो जमानाच तसा होता बाई, त्या म्हणाल्या, सगळेच तसं पाहत. बोलायचं ते मले बोला. पोरीचा काय दोष?

"काहीच नाही," कामिनीबाई म्हणाल्या. "पोरगी लाखात एक आहे. मले पसंत होती. पण दोष तर माहाही नव्हता."

आणि चपला घातल्या. सौरव अर्धा उठला, आईकडे पाहिलं, उन्नतीकडे पाहिलं, पुन्हा बसला, पुन्हा उठला. जाताना दारात पुटपुटला, फोन करतो. कॉफीचा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता.

गाडी गेल्यावर रुखमाबाईंना ताठ व्हायला काही वेळ लागला नाही. त्यांनी घसा साफ केला आणि कौशल्येवर वळल्या: दार कोणी उघडू दिलं, तुझ्या पोटानं आधीच घात केला होता, आज हातानंही केला. रोज खाली जाणारी कौशल्येची मान आज खाली गेली नाही. तिनं बैठकीचे पडदे एकेक करून सरकवले, पार कडेपर्यंत. पिवळा बल्ब उजेडात खुळ्यासारखा जळत राहिला.

उन्नती अजून दारातच होती. रडत नव्हती. तिनं पिसाची घडी उलगडली, मनगटावर टाकली आणि हात आजीपुढे धरला, काउंटरवर गिऱ्हाइकापुढे धरतात तसा.

"पाह्य आजी. जुळते का?"

नाही म्हणायचं होतं. जुनं कापड आहे, रंग उडाला आहे, काहीही म्हणता आलं असतं. पण त्या जिभेनं आयुष्यभर कोणाला खोटी शेड सांगितली नव्हती.

"एकशे चौदा," रुखमाबाई म्हणाल्या. "धाग्याला धागा."

"मंग शिवून घेते," उन्नती म्हणाली.

पुढच्या रविवारी दुर्गेशसाठी उमरेडला मुलगी पाहायला जायचं होतं. सौरवचा फोन आला नव्हता. रुखमाबाईंनी सकाळी पिशवी भरली: साय, बदामी, गव्हाळ, चहा, कॉफी. पाच म्हणजे पाच. एका बाईच्या सांगण्यावरून चाळीस वर्षांची रीत सोडायला त्या काही येड्या नव्हत्या. गाडीत पुढच्या सीटवर बसून त्यांनी वरच्या आरशात पाहिलं. मागे उन्नती बसली होती. अंगावर कॉफीचा ब्लाउज, बाही कोपरापर्यंत, आणि बाही कुठे संपते अन् हात कुठे सुरू होतो ते आरशात कळत नव्हतं.

"तू कायले येऊन राहिली वं?" रुखमाबाईंनी विचारलं.

उन्नतीनं मागून हात लांबवून आजीच्या मांडीवरची पिशवी काढून घेतली.

"मुलीले कुंकू मी लावते, दाराशी नेऊन," ती म्हणाली. "तू आत बस आजी. ट्यूबलाइटात."