तळ्याकाठचा लाल पंप

मित्रांनो, माझ्या अंगावरचा लाल रंग पाहून फसू नका. त्या रंगाखाली मी तांब्या-पितळेचा हवेचा पंप आहे, आणि बराच जुना आहे. पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाला वरून हवा पुरवायची, हे माझं काम. माझं मोठं चाक फिरवलं की आतले दोन दट्टे वरखाली होतात आणि रबरी नळीतून हवा खाली जाते. खालच्या माणसाच्या डोक्यावर तांब्याचा टोप असतो. तो खांद्यांवर टेकतो, पण खालून उघडाच असतो. माझी हवा येते तोवर पाणी त्यात चढत नाही. हवा कमी पडली, की पाणी हनुवटीला लागतं.

माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत गेली. तिथे कासमभाई नावाचे मुकादम होते. माझ्या दट्ट्यांना चामड्याच्या चकत्या आहेत. त्या सुकल्या की हवा निसटते. कासमभाई रोज सकाळी मला उघडत, चकत्यांना तेल चोळत. पाणबुडे उतरताना एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत आणि निर्धास्त खाली जात. त्या विश्वासात माझाही वाटा आहे, असं मला वाटे. पुढे नवी यंत्रं आली, कासमभाई गावी गेले आणि मला भंगारात काढलं.

तिथून मला माणिकप्पाने उचललं. उमरग्याकडचा हा माणूस जत्रांतून खेळ दाखवत फिरायचा. त्याने मला रंग दिला, पितळ घासून लखलखीत केलं. आत मात्र एकदाही डोकावला नाही. माझी चामडी सुकत चालली होती. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? तेव्हापासून मला पुसणाऱ्या प्रत्येक हाताचा संशय येऊ लागला.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. नळदुर्गच्या पुढे एका गावच्या तलावात जुनं देऊळ बुडालेलं होतं, आणि पौषातल्या जत्रेत लोकांना ते बघायची भारी हौस. माणिकप्पाने मला तलावाच्या दगडी बांधावर ठेवलं, पाण्यात शिडी सोडली. सकाळी त्याचा गडी बंडप्पा टोप घालून आधी खाली जाऊन येई. मग एकेक माणूस शिडीने चार पायऱ्या उतरून परत येई. पलीकडच्या काठावर कल्याणप्पा नावाचा म्हातारा भोपळ्यांच्या तराफ्यावरून, काचेचं बूड बसवलेल्या डब्यातून देऊळ दाखवायचा. त्याच्याकडे गर्दी नसायची.

तिसऱ्या दिवशी तुळजापूरहून एक कुटुंब आलं. अंबादास कचेरीत कारकून, त्याची बायको शारदा मुलींच्या शाळेत शिक्षिका, सोबत तिची सासू कमलबाई. अंबादासला देवळाच्या खालच्या दारापर्यंत जायचं होतं. तिथे दोन पुरुष पाणी होतं.

"चला की साहेब," माणिकप्पा म्हणाला. "मुंबईच्या गोदीतलं यंत्र हाय. मोठमोठी माणसं उतरलीत याच्यावर."

शारदा माझ्याभोवती एक फेरी मारून आली. "हे शेवटचं उघडलं कधी होतं?"

"उघडायचं कशाला, बाई? चालतंय की."

"पलीकडच्या आजोबांनी यांना आधी विचारलं, पोहता येतं का. येत नाही म्हटल्यावर कमरेला भोपळा बांधल्याशिवाय तराफ्यावर घेणार नाही म्हणाले. तुम्ही तर काहीच विचारलं नाही."

"शारदा, पुरे," अंबादास हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत," कमलबाई म्हणाल्या. "विचारू दे तिला."

शारदाने नळीचं टोक हातात घेतलं आणि बंडप्पाला चाक फिरवायला सांगितलं. हवा जोरात आली. माणिकप्पा हसला. मग तिने टोकावर तळवा घट्ट दाबून धरला. "आता फिरवा." मित्रांनो, पाणी खाली जसं दाबतं, तसाच तो तळवा मला दाबत होता. हवा नळीत न जाता माझ्याच कुशीतून फुसफुसत बाहेर पडली. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

"हा आवाज कसला?" शारदाने विचारलं. तिने बंडप्पाकडे पाहिलं. बंडप्पाने मान खाली घातली.

"जुन्या यंत्राचा आवाज असतोच," माणिकप्पा म्हणाला.

"मग आधी तुम्ही उतरा. त्या खालच्या दारापर्यंत. दोरी आम्ही धरतो."

बांधावर पन्नास माणसं उभी होती. माणिकप्पाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने पटका काढून ठेवला, कमरेला दोरी बांधली आणि टोप चढवला. बंडप्पा चाक फिरवू लागला. मी माझ्याकडून सगळा जोर लावला. एक पुरुष खोलीपर्यंत कसंबसं निभावलं. त्याखाली मी टाकलेली हवा माझ्यातूनच निसटू लागली. दोरीला हिसके बसले. एक, दोन, मग बसतच राहिले.

"ओढा," शारदा म्हणाली. ती, अंबादास आणि आणखी चौघं दोरीला लागले. बंडप्पाने चाक दुसऱ्याच्या हाती देऊन पाण्यात उडी घेतली. माणिकप्पाला वर आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. बऱ्याच वेळाने त्याने पाणी ओकलं आणि तो रडू लागला.

बंडप्पा ओल्या अंगाने त्याच्याजवळ बसला. "काल माझ्या व्हटापातुर पाणी आलं व्हतं. म्या सांगितलं व्हतं तुमास्नी."

"व्हय," माणिकप्पा म्हणाला. "आजवर म्या कधी खाली गेलोच न्हाय रं. तुलाच धाडत व्हतो."

तिथेच बंडप्पाने पाना लावून मला उघडलं. माझी चकती त्याच्या हातात वाळलेल्या पानासारखी चुरली. अंबादास ती बराच वेळ बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "चल, आजोबांच्या डब्यातूनच बघू." तिघं बांधावरून पलीकडच्या काठाला गेले.

माणिकप्पाने पुन्हा खेळ मांडला नाही. मला तो बंडप्पाला देऊन गेला. आता बंडप्पा विहिरींच्या कामाला मला नेतो. नवी चामडी त्याने स्वतः बसवली आहेत. खाली कोण उतरणार असेल त्याला तो आधी जवळ बोलावतो आणि माझं झाकण काढून दाखवतो. काही माणसं संकोचतात, नुसती मान डोलावून निघतात. मित्रांनो, तुम्ही तसं करू नका. वाका, आत बघा, चामडं ओलं आहे का ते बोट लावून पाहा. मला त्याचा राग येत नाही.