फिरवलेला मीटर आणि मी

मी एक जुनी व्हॅन आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द मी दबक्या आवाजात उच्चारत नाही, चांगला हॉर्न वाजवून सांगते. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी डोळे पुसतात. माझ्याकडे पुसायला वायपर आहेत, पण ते पावसासाठी. रडगाणं ऐकायला कोणी आलं असेल तर त्याने शेजारच्या रिक्षाकडे जावं.

१९८६ साली उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरा रंग, सरकतं दार आणि सात माणसांची जागा. माझं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे माझं काळीज कायम माणसाच्या बुडाखाली. त्यामुळे वर बसलेलं माणूस कसं आहे ते मला लवकर कळतं.

माझ्यावर पहिल्यांदा बसले ते जोतीराम कांबळे. ते वालचंदनगरच्या कारखान्यात फोरमन होते आणि कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचे. दिवसभर मोठाली यंत्रं सांभाळणारा हा माणूस रविवारी मला सांभाळायचा. ऑइल ठरलेल्या दिवशी बदललं जायचं, हवा तपासली जायची. त्यांच्या मुली, प्रतिक्षा आणि दिशा, माझे आरसे पुसायच्या आणि पुसता पुसता त्यातच वेण्या घालायच्या. एका दसऱ्याला कांबळे साहेबांनी आई, भाऊ, वहिनी, पोरंसोरं असे अकराजण माझ्यात बसवून थेट नागपूर गाठलं, दीक्षाभूमीवर. जाऊन-येऊन पाच दिवस लागले आणि मी एकदाही बंद पडले नाही. परत आल्यावर म्हाताऱ्या आजींनी माझ्या बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लई चाललीस गं बाई." मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस. कॉलनीत कोणाची बाळंतपणाची घाई असली तरी मलाच हाक यायची. दोन पोरं तर माझ्या मागच्या सीटवर जन्मता जन्मता राहिली.

साहेब रिटायर होऊन भावाकडे सोलापूरला गेले आणि मी इंदापूरच्या समाधानकडे आले. त्याने मला वडापला, म्हणजे माणशी भाड्याच्या सवारीला लावलं. इंदापूर ते बारामती, बारामती ते इंदापूर. सातजणांची मी, सतराजण वाहिले. टपावर भाजीच्या पाट्या आणि दाराला लोंबकळणारे दोघे वेगळेच. समाधान माणूस वाईट नव्हता, हसून खेळून असायचा. पण गाडीला पेट्रोल घातलं की आपलं कर्तव्य संपलं अशी त्याची ठाम समजूत होती. ऑइलचं डांबर झालं, दाराची कडी तुटली ती त्याने सुतळीने बांधली, आणि निमगावच्या वळणावर उसाच्या बैलगाडीला घासून माझी डावी कूस आत गेली ती तशीच राहिली. तरीही मी रोज धावले. माझी हेळसांड झाली, पण मी कोणाला रस्त्यात उतरवलं नाही.

तीन वर्षांनी समाधानने मला विकलं, आणि माझा खरा अपमान तिथून सुरू झाला.

बारामतीत भिगवण रस्त्याला सर्जेरावचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. सर्जेराव मूळचा हेडी, म्हणजे बैलबाजारातला दलाल. बैलांचे दिवस फिरले तसा तो गाड्यांकडे वळला, पण हात तेच राहिले. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून त्याला तरणा करण्यात ज्याची हयात गेली, तो माझ्यावर दया करणार होता होय? माझ्या दबलेल्या कुशीत त्याने लांबी, म्हणजे पुट्टी भरली, वर चकचकीत रंग मारला, सीटवर लाल कव्हर चढवलं. इथवर मी सोसलं. रंग कोणाला नको असतो?

पण मग त्याच्या मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडला आणि माझा मीटर मागे फिरवला. एक लाख तेवीस हजारांचे झाले अडतीस हजार. मित्रांनो, ते नुसते आकडे नव्हते. नागपूर त्यात होतं. बाळंतपणाच्या घाया त्यात होत्या. सतरा-सतरा माणसं घेऊन चढलेले चढ त्यात होते. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य पेचकसाच्या चार फेऱ्यांत पुसून टाकलं आणि वर सर्जेराव म्हणाला, "आता दिसतीया नवरीवानी." मी त्या दिवशी इतकी चिडले की हॉर्न अडकून दहा मिनिटं बोंबलत राहिला. त्यांनी वायर काढून टाकली.

मी तीन महिने विकले गेले नाही. शेवटी सर्जेरावने मिस्त्रीला बजावलं, की बावड्याचं गिऱ्हाईक येणार आहे, ते गेलं हातचं तर सोमवारी भंगारवाला येऊन हिचे तुकडे करून नेईल. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास मला पिटाळून आण, असंही सांगितलं. त्याला कारण होतं. मी थंड असताना पहिल्या सेल्फला उठत नाही. दुसऱ्यालाही नाही. चोक ओढून तिसरा सेल्फ मारला की उठते, आणि एकदा उठले की दिवसभर बसत नाही. गरम असले तर मात्र चावी फिरवताच चालू होते. सर्जेरावला हे पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाईक आलं. तिशीतला बिरदेव आणि त्याची आई दगडाबाई. बावड्याच्या पलीकडे माळावर त्यांची वस्ती. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घर. दगडाबाईने स्वतः साठीपर्यंत कळपामागे पायपीट केली होती. पण चरायला रानं उरली नाहीत, गुडघेही उरले नाहीत, म्हणून तिने मागच्याच महिन्यात अख्खा कळप विकला होता. त्यालाही कारण होतं. आठवीपासूनची शाळा बावड्याला, ती वस्तीपासून लांब, त्यामुळे वस्तीतल्या पोरी सातवी झाली की घरी बसायच्या. दगडाबाईची नात स्वप्नाली नुकतीच सातवी झाली होती. गाडी घ्यायची, बिरदेवने सकाळ-संध्याकाळ पोरींची ने-आण करायची आणि मधल्या वेळात भाडी मारायची, असा म्हातारीचा बेत. कळप एकदाच विकता येतो. गाडी फसवी निघाली तर मेंढरंही गेली, गाडीही गेली आणि स्वप्नाली चुलीपाशी बसली.

बिरदेव माझ्या लाल कव्हरांवर भाळलाच. कॅसेट लावून बघ, दार सरकवून बघ, असं त्याचं चाललेलं. सर्जेरावही सगळं त्यालाच सांगत होता. एकाच मालकाने चालवलेली, डॉक्टरांची गाडी, फक्त अडतीस हजार, आणि आठ दिवसांपासून जागेवरच उभी. म्हातारीकडे त्याने पाहिलंही नाही. तिला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

दगडाबाई खुर्चीत बसली नाही. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली. बाजारात मेंढीच्या पाठीवर थाप मारून मांस बघतात तशी तिने माझ्या दोन्ही कुशींवर थाप मारली. उजवी खणखणीत वाजली, डावी बद्द. उकिडवी बसून तिने माझं पोट बघितलं. मग पुढचं दार उघडून पायाशी वाकली आणि क्लच-ब्रेकच्या पेडलांवरून बोटं फिरवली. पेडलांचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. सर्जेरावने सगळं बदललं होतं, तेवढं विसरला होता.

"कातडं नवं हाय," ती बिरदेवला म्हणाली, "पन खुरं झिजल्यात."

बिरदेव हसला. आये, ही गाडी आहे, मेंढी नव्हे, असं काहीतरी तो बोलला. तोवर म्हातारीने पुढच्या सीटवर तळहात टेकवला होता. लेकराला ताप आलाय का बघतात तसा. तिचा हात बराच वेळ तिथे राहिला.

"सर्जेराव, गाडी आठ दिसांपासनं जाग्यावर उभी म्हनालासा न्हवं?"

"व्हय मावशी. हललीबी न्हाय."

"मग अंग का तापलंय हिचं?"

सर्जेरावने ऊन, पत्रा वगैरे काहीतरी पुढे केलं. मी तर लिंबाच्या सावलीत उभी होते. म्हातारीने वाद घातला नाही. तिने पदर आवरला आणि माझ्या पुढच्या चाकापाशी खाली बसकण मारली. अंग निवेस्तवर बसणार, म्हणाली.

ती बसली ती बसलीच. सर्जेरावने दुसऱ्या गाड्या दाखवतो म्हटलं. पुण्याचं गिऱ्हाईक वाटेत आहे म्हटलं. दोनदा चहा झाला. बिरदेव लाजेने घड्याळ बघत होता. माळरानावर उन्हात कळप राखलेल्या बाईला सावलीत तीन तास बसणं म्हणजे सणच की. मी मात्र हळूहळू निवत होते आणि आत धास्तावत होते. खोटं कशाला सांगू, मित्रांनो? मनात आलं, जीव काढून आज एकदाच पहिल्या सेल्फला उठावं. नाहीतर सोमवारी भंगारवाला. मग वाटलं, का उठावं? मीटर त्यांनी फिरवला तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता उठायचं कसं ते माझ्या हातात होतं. तुकडे झाले तर माझे होतील, सर्जेरावच्या नवरीचे नव्हे.

बिरदेवने चावी फिरवली. मी उठले नाही. पुन्हा फिरवली. मी कण्हले, पण उठले नाही. त्याने चोक ओढला, तिसऱ्यांदा फिरवली, आणि मी अशी धडधडून उठले की अड्ड्यावरची कुत्री पळाली. मागून भरपूर धूर सोडला. सर्जेरावचं पितळ उघडं पडलं. तो बॅटरीला शिव्या देऊ लागला.

दगडाबाईने लेकाच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि सर्जेरावपुढे धरला. त्याचा चेहराच बदलला. बैलबाजारात सौदा असाच होतो. टॉवेलखाली हातात हात, बोटं दाबून भाव, भोवतालच्यांना पत्ता नाही. कितीतरी वर्षांत कोणी त्याच्याशी असा सौदा केला नव्हता. त्याने मुकाट्याने हात आत घातला.

"भाव मागनं," म्हातारी म्हणाली. "आदी वय सांगा. हितं कुनाला दिसत न्हाय."

चारचौघांत सर्जेरावने जन्मात खरं सांगितलं नसतं. टॉवेलखाली त्याची अब्रू शाबूत होती. त्याने एक बोट दाबलं, थांबला, मग दोन, मग तीन. एक लाख तेवीस हजार. त्यानंतर अख्खा पंजा दोनदा, म्हणजे दहा वर्षं. दगडाबाईने मान डोलावली, आणि मग भावाची बोटं सुरू झाली. ती किती दाबली गेली ते मलाही आजवर कळलेलं नाही.

"आये, तिसऱ्या सेल्फला उठती ही," बिरदेव कळवळून म्हणाला.

"मी तरी पैल्या हाकंला कुठं उठती? ऐक. म्हातारी हाय ह्याचं वाईट न्हाय. म्हातारीला कालवड म्हनून इकनं वाईट. कळलेली खोड पोसता येती, न कळलेली घात करती. हिची समदी कळली. हीच घ्यायची."

त्या दिवशी बावड्याच्या वाटेवर मी कशी धावले ते विचारू नका. वाटेत दगडाबाईने सगळ्यात आधी माझं ऑइल बदलायला लावलं आणि दाराला लोखंडी कडी बसवली. जून उजाडला तशी आमची शाळा सुरू झाली. स्वप्नाली आणि वस्तीतल्या आणखी सात पोरी. सकाळी मी थंड असते, म्हणून त्या दप्तरं मांडीवर घेऊन एका सुरात मोजतात, एक, दोन, तीन, आणि तीनला मी उठते. अजून एकदाही कोणाची प्रार्थना चुकलेली नाही.

यंदा दिवाळीला सर्जेरावच्या रंगाचे पोपडे निघाले, तेव्हा बिरदेवने मला इंदापूरच्या पेंटरकडे नेलं. पेंटरने मागच्या काचेवर काय लिहू विचारलं. आईचा आशीर्वाद, वाघाची चाल, जे सांगाल ते. बिरदेवला वाघ आवडला होता. दगडाबाई मागच्या सीटवरून उतरली.

"लिव्ह," ती म्हणाली. "जल्म एकोनीसशे शाऐंशी. चाल सव्वा लाखाच्या म्होरं. आजून चालू हाय."

पेंटर हसला, बिरदेव कानकोंडा झाला, पण अक्षरं उमटली, वीतभर उंच आणि लाल. आता मागून येणारे ट्रकवाले ते वाचतात, हसतात आणि हॉर्न देतात. मीही देते. माझी वायर पुन्हा जोडलेली आहे.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी असेल, घरात जुनी माणसं असतील. आमच्याकडे बघून उसासे टाकू नका, ते आम्हाला नकोत. वेळच्या वेळी तेल-पाणी करा, मोडलेली कडी बसवून द्या, आणि सकाळी उठायला जरा उशीर लागला तर थांबा. आणि कोणी वय विचारलं, तर एकही किलोमीटर कमी करून सांगू नका. तो प्रत्येक आम्ही चाललो आहोत.