साक्षीला पिटुकली

आमचा संसार दोन भाषांत झाला. घरी एकच होती, पण इस्पितळाच्या आकडेवारी विभागात प्रोग्रॅम लिहायला मी पायथनवाली आणि नवरा आरवाला. आम्ही समोरासमोर बसायचो आणि कॉम्प्युटरवरच्या एकाच नोटबुकात लिहायचो. वरच्या सेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, माझं, खालच्यात त्याचं. दोन भाषा चालवणारे इंटरप्रिटर वेगळे, त्यामुळे माझ्या तक्त्यातलं त्याच्याकडे आपोआप काही पोचत नसे. मधे एक सामायिक जागा होती. एकाने तक्ता तिथे ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आम्ही तिला फळी म्हणायचो.

"आर म्हणजे म्हाताऱ्यांची भाषा," मी चिडवायचे.

"म्हणूनच शहाणी आहे," तो म्हणायचा.

काम होतं वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं. बाळाला घरी जायला साधारण किती दिवस लागतील, हे आईबापांना दाखवणारा आलेख त्याने बनवला होता. वॉर्डाच्या भिंतीवर तो अजून लावलेला होता.

फळीवर ठेवलेलं जसंच्या तसं मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून त्याने नियम घातला होता: तक्ता ठेवताना शेवटी साक्षीदार म्हणून एक ओळ आपल्या पिटुकलीची घालायची. आमची लेकही याच वॉर्डात, काचेच्या पेटीत वाढली होती, तिचे आकडे आम्हाला तोंडपाठ. उचलणाऱ्याने आधी ती ओळ नीट आली का पाहायचं आणि मग काढून टाकायची. एकदा सगळ्या जन्मतारखा एक दिवस मागे सरकल्या, तेव्हा तो समोरून ओरडला, "बाईसाहेब, तुमच्या हिशेबाने पोरगी तुम्ही दवाखान्यात यायच्या आधीच झाली की हो!" अख्खा विभाग हसला होता. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. आता वाटतं, तेवढा दिवस तरी कशाला वाया घालवला?

तो गेला त्याला वर्ष होत आलं. विभागाने ठरवलं, यापुढे भाषा एकच, पायथन. त्याचे सेल माझ्या भाषेत आणायचं काम मी भांडून घेतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता.

आणि आकडे जुळेनात. वॉर्डाची डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, नव्या आलेखात बाळं फार लवकर घरी चाललीत. जुना खरा की नवा?"

"बघते."

"संध्याकाळपर्यंत जुळलं नाही तर भिंतीवरचाही काढते. आईबापांना खोटी आशा लावणार नाही मी."

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. त्याने मागे ठेवलेलं तेवढंच एक काम रोज कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

मी त्याचे सेल ओळीओळीने ताडून पाहिले. सगळं तसंच होतं. आता भाषा एकच, फळी नाही, म्हणून साक्षीची ओळ मी घातलीच नव्हती. शेवटी काही सुचेना तेव्हा सवयीने घातली आणि नोटबुक पुन्हा चालवलं.

पिटुकली नव्हती.

आता चांगली नोकरी करणारी बाई आमची लेक, सकाळीच फोनवर गळक्या नळाचं रडगाणं गाऊन झालं होतं, आणि मी तिला पडद्यावर शोधत होते. एकेक सेल मागे जात पाहिलं. बाळांचे पहिल्या दिवसाच्या वजनाप्रमाणे गट पडत होते, तिथे ती आत गेली होती आणि बाहेर आली नव्हती. तिच्या पहिल्या दिवसाच्या वजनाची चौकट रिकामी. इतकी नाजूक होती की तिला थेट पेटीत ठेवलं, वजन करायला कुणी धजलंच नाही. त्याची भाषा अशा रिकाम्यांचा वेगळा गट करायची. माझी त्यांना गुपचूप वगळते, चकार शब्द न काढता. वजनच न झालेली सगळी बाळं तिच्याबरोबर गळली होती, आणि सगळ्यात उशिरा घरी जातात ती हीच.

इतकी वर्षं मला वाटत होतं, साक्षीला त्याने पोरगी घेतली ती लाडाने. लाड तर होताच. पण ती जन्मली त्या दिवशी मी गुंगीत होते आणि हा काचेबाहेर उभा राहून प्रत्येकाला तिचं वजन विचारत होता. ती रिकामी चौकट तो विसरणार नव्हता. मला भर ऑफिसात रडू आलं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. जुन्या आणि नव्या आलेखाच्या रेघा एकमेकींवर बसल्या.

डॉक्टर आली, तिने रेघा पाहिल्या, खालची बाळांची संख्या वाचली. "जुळलं. पण एक बाळ जास्त आहे."

"ती माझी."

"मग काढा ना."

"ओळ ताडून काढायचं काम उचलणाऱ्याचं," मी म्हणाले. "मी ठेवणारी."

तिने माझ्याकडे पाहिलं, समोरची रिकामी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि कीबोर्ड जवळ घेतला.

"पहिल्या दिवसाचं वजन?"

"रिकामं."

"रिकामंच आलंय," ती म्हणाली, आणि मग तिने ओळ काढली.